म्हशींचे फोटो आणि मुलींची कबड्डी

वर्गणी मागायला आम्ही ज्या पहिल्या दारात उभे राहिलो, तिथल्या बाईंनी पदराला हात पुसत विचारलं, "कुठल्या देवाची?"

"देवाची नाही," मी म्हणाले. "मुलांसाठी आहे."

"मंग गनपतीची म्हना की."

"गणपतीचीही नाही. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये संध्याकाळी मुलं-मुली जमतात ना, कबड्डी खेळतात, अभ्यास करतात..."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याबरोबरच्या मुलींकडे एकेक करून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजी जत्रा न्हाई, भंडारा न्हाई. निस्ती पोरंच." आणि आत जाऊन सुपात ज्वारी घेऊन आल्या. दारात आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, एवढं त्यांचं ठरलेलं होतं. आमच्याकडे पिशवीही नव्हती. एका मुलीनं ओढणी पसरली आणि आमची पहिली वर्गणी त्या ओढणीत पडली.

मी घोडेगावजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात ग्रंथपाल आहे. माहेर राहुरीकडचं. लग्न होऊन इकडे आले आणि इथलीच झाले. कॉलेज सुटल्यावर मुलं हायवेच्या हॉटेलांसमोर गाड्यांवर बसून राहतात आणि मुली घरात जातात त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बाहेर दिसतात, हे मी किती वर्षं बघत होते. आमच्या चर्चच्या आवारात एक जुना पत्र्याचा हॉल पडून होता. नवरा आणि मी चर्चच्या पंचमंडळींशी बोललो. त्यांनी किल्ली दिली. नगरच्या एका ट्रस्टनं खर्च उचलला. संध्याकाळी दोन तास मुलंमुली यायला लागली. सगळ्या आळ्यांतली, सगळ्या घरांतली. एका कोपऱ्यात कॅरम, एका कोपऱ्यात गणिताच्या शंका, आणि बाहेरच्या मुरमाच्या मैदानावर मुलींची कबड्डी. कबड्डी शिकवायला एक तरुण बाई नेवाशाहून एसटीनं यायच्या. मुलींचे गुडघे कायम सोललेले असायचे, पण मैदानाकडे सगळ्यांत आधी त्याच पळायच्या.

ट्रस्टनं सुरुवातीलाच सांगितलं होतं की काही वर्षांनी आपण दुसऱ्या तालुक्यात काम सुरू करणार, तेव्हा तुमचं तुम्ही बघा. ती वेळ आली. कबड्डीच्या बाईंचं मानधन, लाइटचं बिल, आणि गुडघे वाचवायला एक मॅट, यांची सोय आता आम्हालाच करायची होती. मुलींनीच ठरवलं की वर्गणी काढायची. मी सोबतीला.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला पैशांपेक्षा माणसांचंच नवल वाटत होतं. जत्रेची वर्गणी मागायला पोरं येतात तेव्हा कुणी काही विचारत नाही, खिशात हात जातो. आणि इथे प्रत्येक दारात प्रश्न. पुरुष विचारायचे, "अजून कोनी कोनी दिलं?" बायका विचारायच्या, "कोनाकोनाच्या पोरी येतात?" एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "प्रार्थनेला बसवता का वो पोरांना?" मी म्हणाले, "काका, प्रार्थना रविवारी, चर्चमध्ये. इथे पोरी एकमेकींच्या तंगड्या ओढतात. उद्या या बघायला." ते खरंच आले, कुंपणापाशी उभे राहून पूर्ण खेळ बघितला, आणि एका मुलीनं चढाई करून तिघींना बाद केल्यावर मोठ्यांदा "शाब्बास!" म्हणून ओरडले. मग इकडेतिकडे बघून निघून गेले. वर्गणी मात्र दिली नाही. मला त्यांचा राग आला नाही, उलट हा माणूस "शाब्बास" का म्हणाला आणि तरी पैसे का दिले नाहीत, हे त्यालाच बसवून विचारावंसं वाटत होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जत्रेत आपल्याला काय मिळणार ते माणसाला ठाऊक असतं. तुमच्या हॉलमध्ये त्याला काय मिळणार?"

त्या मुलींत एक दहावीतली मुलगी होती. दिसायला किरकोळ, पण चढाईला गेली की विजेसारखी. तिचे वडील जनावरांचे व्यापारी. इकडे त्यांना हेडी म्हणतात. घोडेगावच्या बाजारात म्हशी घ्यायच्या, विकायच्या, सौदे जुळवून द्यायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. ज्वारीची चौथी-पाचवी ओढणी भरली तेव्हा ती मला म्हणाली, "मॅडम, मागून न्हाई व्हायचं. कायतरी इकलं पायजे."

"काय विकणार आपण?"

"फोटो."

तिचं म्हणणं असं की हल्ली निम्मे सौदे मोबाईलवर सुरू होतात. विकणारे जनावराचे फोटो ग्रुपवर टाकतात आणि सगळे फोटो बेकार असतात. तोंड कापलेलं, कास सावलीत, मागं कुणाचं तरी धोतर. "आमच्या अन्नांना रोज येतात आसले फोटो. ते शिव्या घालतात. आपन चांगले काढून देऊ. उजव्या अंगानं, डाव्या अंगानं, कास, दात. प्रत्येक फोटोचे पैसे घेऊ." दिवाळीची सुट्टी लागलीच होती. गावातल्या फोटो स्टुडिओवाल्यानं आपला जुना छोटा प्रिंटर वापरायला दिला. चहाच्या टपरीवरून वायर ओढून घेतली. मुलींनी जुन्या चादरीवर निळ्या रंगानं लिहिलं, 'जनावराचे फोटो काढून मिळतील', आणि खाली बारीक अक्षरात, 'मुलींच्या कबड्डीसाठी'.

मी इतकी वर्षं या गावाजवळ राहत होते, पण बाजाराच्या आत कधी गेले नव्हते. बायका जातच नाहीत तिकडे. उजाडताना पोचलो तर धुळीत आणि धुरात शेकडो म्हशी, गाई, बैल, शेळ्या. कुठे कासरा ओढायचा आवाज, कुठे रेडकाचं ओरडणं. दोन माणसं समोरासमोर उभी, हातावर उपरणं टाकलेलं आणि उपरण्याखाली बोटं धरून भाव चाललेला. तोंडानं एक शब्द नाही, पण चेहरे सतत बदलतायत. मी तिथेच उभी राहिले. मुलीनं मला हाताला धरून ओढलं. "मॅडम, टक लावून बघायचं नसतं. सौदा मोडतो."

पहिल्या तासात आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. सगळ्यांकडे मोबाईल होते, फोटोही त्यांचे तेच काढत होते, वाकडेतिकडे. लोक चादरीवरचं वाचायचे, मुलींकडे बघायचे आणि पुढे जायचे. एकानं तर विचारलं, "कबड्डी म्हशी खेळनार व्हय?" मुली हिरमुसल्या.

मग एक म्हातारे बाबा आले. पांढरी टोपी, अंगावर स्वेटर, हातात दोरी, दोरीला एक थोराड काळी म्हैस. एक शिंग सरळ, एक खाली वळलेलं.

"फोटो निघंल का?"

मुलगी लगेच मोबाईल घेऊन उठली. "व्हय बाबा. उजव्या अंगानं उभी करा. कास दिसली पायजे."

"कास न्हाई गं," बाबा म्हणाले. "ती इकली म्या. पैसं मिळालं. आता टेम्पोत चढवनार हायेत तिला. माझ्यासंगट काढ."

मुलीला क्षणभर कळलंच नाही. "तुमच्यासंगट?"

"म्हातारीनं सांगितलंय. येताना तिचा फोटो आन म्हनली. मला ह्या मोबाईलमधलं कळत न्हाई. कागदावर दे."

बाबा म्हशीच्या मानेशी उभे राहिले. टोपी नीट केली. फोटो काढताना माणसं उभी राहतात तसे ताठ उभे राहिले आणि मग एक हात उचलून म्हशीच्या कपाळावर ठेवला. म्हशीनं डोळे मिटल्यासारखे केले. प्रिंटरमधून कागद हळूहळू बाहेर येत होता तेव्हा बाबा वाकून बघत होते. "शिंग बी आलं बरं का," एवढंच म्हणाले. फोटो स्वेटरच्या आत, सदऱ्याच्या खिशात ठेवला, पैसे दिले आणि म्हैस घेऊन टेम्पोकडे गेले.

त्यानंतर काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांना बघूनच असेल, एकेक जण यायला लागला. विकलेल्या गाईसोबत, विकलेल्या बैलजोडीसोबत. एक तरुण शेतकरी आधी हसत हसत आला, म्हणाला गंमत म्हणून काढतो, आणि फोटो हातात पडल्यावर त्यावरची धूळ बोटानं पुसत राहिला. कुणी म्हणायचं, पोरीनं मागितलाय. कुणी म्हणायचं, आईनं. मी प्रत्येकाला विचारत होते, नाव काय जनावराचं, किती वर्षं होतं घरी, कुणाच्या हातचं खायचं. लोक सांगायचेही. वर्गणी मागताना ज्या दारात मला दोन वाक्यं मिळत नव्हती, तीच माणसं इथे थांबून म्हशीचं बाळंतपण सांगत होती. आणि शेवटी, निघताना, विचारायची, "ते कबड्डीचं काय हाय?" मग मुली सांगायच्या. फोटोचे पैसे देऊन वर कुणी नोट ठेवून जायचं, कुणी नाही.

दोन-तीन बाजार असे गेले. मॅट येणार अशी खात्री वाटू लागली. आणि मग गडबड झाली.

एका माणसानं त्या मुलीच्या वडिलांच्या मध्यस्थीनं म्हैस विकली होती. इसार घेतला होता, बाकी रक्कम यायची होती. तेवढ्यात तो आमच्याकडे येऊन फोटो काढून गेला. मुलीनंच काढला. तो फोटो हातात घेऊन माणूस बराच वेळ म्हशीजवळ बसला. मग उठला, मुलीच्या वडिलांकडे गेला, इसार परत केला आणि म्हैस घेऊन घराकडे चालू लागला. घेणारा दुसऱ्या जिल्ह्यातून टेम्पो घेऊन आला होता. तो चिडला. सौदा जुळवणाऱ्याची चारचौघांत शोभा झाली. मुलीचे वडील आमच्या चादरीपुढे आले. मुलीला म्हणाले, "उचल हे. घरी चल." ती उठली आणि त्यांच्या मागे गेली.

त्या दिवसापासून ती हॉलमध्ये यायची बंद झाली.

मी तिसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. वडील ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, खुर्ची दिली, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मुलगी दाराच्या आत उभी होती.

"मॅडम, तुमचा मला राग न्हाई," ते म्हणाले. "पन बाजारात मानूस एकदा गैवरला की सौदा गेला. आमी घेनाराला बोलू देत न्हाई, इकनाराला मागं वळू देत न्हाई. त्यावर आमचं पोट हाय. आन माझीच पोरगी तिथं बसून लोकांना मागं वळवती."

मला हे नवीन होतं. "म्हणजे विकणारा मागे वळून बघतो म्हणून सौदा मोडतो?"

"मोडतो की. तुमाला वाटतं मानसं म्हस इकायला येत्यात? निम्मी तर कायतरी कारन घावलं तर परत न्यायला येत्यात." मग म्हणाले, "तुमी हे कशापायी करता? तुमचा मुलगा तर पुन्याला शिकतोय. तुमाला ह्या पोरींच्या कबड्डीतनं काय?"

दारोदार मी लोकांना प्रश्न विचारायची इच्छा धरून हिंडले होते, आणि आता मलाच कुणी सरळ विचारत होतं. मी म्हणाले, "मला बघायचं असतं. ही मुलगी घरात कशी असते मला माहीत नाही. कॉलेजात मुली पुस्तक बदलून घेतात आणि खाली मान घालून जातात. आणि मैदानावर ही मुलगी समोरच्या सातजणींच्या डोळ्यांत बघून आत शिरते. हे कुठून येतं, ते मला बघत राहावंसं वाटतं. एवढंच."

ते हसले. "म्हंजी तुमाला बी नाद हाय."

"हो. नादच म्हणा."

चहा आला. मुलगी आतून म्हणाली, "अन्ना, आपन तिकडं बसलो तर? टेम्पोपाशी? जिथं जनावरं चढवतात तिथं? तिथं समदे पैसे देऊनघेऊन झालेले असतात. मागं वळून बगितलं तरी काय व्हनार?"

वडील चहा पीत राहिले. मग म्हणाले, "आन आधी आला फोटो काढायला, तर?"

"तर सांगायचं, पैसे घेऊन ये. मग काढू."

"आन इसाराचाच मानूस असला?"

"त्याला तुमच्याकडं पाठवायचं. आधी तुमचं काम, मग आमचं."

बापाला बहुतेक ते शेवटचं वाक्य आवडलं. लगेच हो म्हणाले नाहीत. मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, "टेम्पोपाशी लई धूळ आसती. कागद खराब व्हतील. ताडपत्री लावा वर." त्यावरून मला त्यांचा होकार कळला.

पुढच्या बाजाराला आम्ही टेम्पो लावतात त्या उतारावर बसलो. ताडपत्री तिच्या वडिलांनी स्वतः बांधली. जाताना म्हणाले, "मी हिकडं येनार न्हाई. मला बघवत न्हाई." खरंच आले नाहीत. पण सौदा पुरा झालेल्या माणसाला कधी कधी हातानं आमची दिशा दाखवायचे, हे मुलींनी मला सांगितलं.

थंडी सरेपर्यंत आम्ही बाजार केले. शाळा सुरू झाल्यावर मुली आळीपाळीनं तासभर यायच्या आणि तिथूनच दप्तर घेऊन पळायच्या. कबड्डीच्या बाईंच्या वर्षभराच्या मानधनाची आणि लाइट बिलाची सोय झाली. मॅट पूर्ण नवी परवडली नाही, नगरच्या एका क्लबाची जुनी मिळाली. मध्ये थोडी फाटलेली आहे, तिथे मुलींनी चिकटपट्टी लावली आहे. ज्या काकांनी "शाब्बास" म्हटलं होतं त्यांनी ती मॅट स्वतःच्या पिकअपमधून आणून दिली. का, ते मी विचारलं. म्हणाले, "गाडी रिकामी येनार व्हती नगरवरून." याहून जास्त त्यांच्याकडून मला कधीच काढता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी, सुगी संपताना, बाजारात एक बाई आमच्यापाशी आल्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, पाठीशी दोन शेळ्या. शेळ्या विकायला त्या स्वतः आल्या होत्या, पहिल्यांदाच. फोटो नको म्हणाल्या. "शेळ्यांचं काय, घरी अजून हायेत. मला ते बगायचंय."

"काय?"

"आमच्या वळखीतल्या एकांकडं म्हशीचा फोटो हाय भिताडाला. इथलाच. त्यांनी सांगितलं, पैसं पोरींच्या खेळाला जातात. कसला खेळ हाय, कुठं खेळतात, ते बगायचंय."

शेळ्या विकून झाल्यावर त्या आमच्याबरोबर आल्या. दुपारभर माझ्या घरी थांबल्या, संध्याकाळी हॉलवर. मॅटच्या कडेला पाय दुमडून बसल्या. मुली खेळायला लागल्या आणि बाईंचे प्रश्न सुरू झाले. ही रेघ कशाची? ती मधली कशापायी? ती पोरगी सारखं तोंडात काय म्हनती? दम सुटला तर काय व्हतं? मी सांगत होते. हेड्याची मुलगी, जी आता अकरावीला होती आणि लहान मुलींना शिकवत होती, ती धापा टाकत आमच्याजवळ येऊन बसली. बाईंनी तिचा गुडघा हातात घेऊन बघितला.

"घरचे सोडतात तुला?"

"सोडतात की आजी."

"रोज?"

"रोज."

मैदानावर पुढची चढाई सुरू झाली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्या नातीला उंची हाय. आमच्या गावात पत्र्याचा हॉल न्हाई, पन मारुतीच्या देवळामागं मोकळी जागा हाय. मुरूम हाय तिथं. तुमी पयल्यांदा काय केलं? कोनाला इचारलं?"

मी सांगायला सुरुवात केली. त्यांची शेवटची एसटी निघून गेली, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.